जोडीदारासोबत घर घेताना युनिव्हर्सल क्रेडिटचं काय होतं?

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना दरमहा मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्याने जोडीदारासोबत घर घ्यायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो, ‘घर नावावर झालं की पैसे बंद होणार का?’ राहतं घर बचतीत धरलं जात नाही, त्यामुळे केवळ घरामुळे भत्ता जात नाही. अडचण येते ती घराआधी साठवलेल्या डिपॉझिटमुळे आणि एकत्र राहायला लागल्याच्या तारखेमुळे.

आधी डिपॉझिट. बचत 6,000 पौंडांपर्यंत असेल तर काही कापत नाहीत. त्यापुढच्या दर 250 पौंडांमागे महिना 4.35 पौंड कमी होतात. म्हणजे 10,000 साठले तर महिना 69.60 पौंड गेले. 16,000 च्या वर गेलात की हक्कच संपतो. बरेच जण इथेच फसतात: ही मर्यादा जोडप्यालाही तेवढीच आहे, दुप्पट नाही. दोघांचे नऊ-नऊ हजार वेगवेगळ्या खात्यांत असले, तरी एकत्र राहायला लागताच ते 18,000 धरले जातात. आईवडिलांनी भारतातून पाठवलेली रक्कम तुमच्या खात्यात आली, की तीही तुमचीच बचत. ‘घरासाठी ठेवलेत’ हे कारण साध्या बचतीला चालत नाही. जुनं राहतं घर विकून आलेले पैसे नव्या घरासाठी राखले असतील, तर मात्र साधारण सहा महिने सूट मिळते. मर्यादेखाली यायला पैसे भावाच्या खात्यात ढकलू नका. ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशेब होऊ शकतो.

आता तारीख. नवरा-बायको असा किंवा लग्नाशिवाय एकत्र राहणारे, एका घरात आलात की अर्ज दोघांचा मिळून लागतो. तुम्ही ऑनलाइन खात्यात ‘बदल कळवा’ मध्ये नोंद करायची, जोडीदाराने स्वतःचं खातं उघडायचं आणि जोडणीचा कोड टाकून दोन्ही जोडायची. त्यानंतर त्याचा पगारही हिशेबात येतो. 2025-26 मध्ये 25 वर्षांवरील एकट्याचा मूळ दर महिना 400.14 पौंड होता, जोडप्याचा 628.10.

युनिव्हर्सल क्रेडिटमधली भाड्याची मदत तर फारच बेभरवशाची. तुमचा हिशेबाचा महिना (ज्या महिन्यावरून भत्ता ठरतो तो) 26 ते 25 असेल आणि 20 तारखेला भाड्याचं घर सोडलंत, तर त्या अख्ख्या महिन्याचा भाड्याचा भाग जातो, त्यातल्या सुमारे पंचवीस दिवसांचं भाडं भरलेलं असलं तरी. शक्य असेल तर वकिलाशी घर ताब्यात घेण्याची तारीख ठरवताना हे बघा. मॉर्टगेजच्या (गृहकर्जाच्या) हप्त्यासाठी हा भाग मिळत नाही. व्याजापुरती मदत आहे, पण तीन महिने सलग युनिव्हर्सल क्रेडिट मिळाल्यावर, आणि 2018 पासून ती कर्ज म्हणून मिळते; घर विकताना व्याजासकट फेडावी लागते.

जोडीदार व्हिसावर असेल आणि त्याला सरकारी मदतीचा हक्क नसेल, तर तुम्हाला एकट्याच्या दराने पैसे मिळतात, पण त्याचं उत्पन्न आणि बचत मोजली जाते. व्हिसाची स्थिती लपवू नका.

हाताशी ठेवायचे कागद: दोघांची ओळखपत्रं, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, मॉर्टगेज मंजुरीचं पत्र, खरेदी पूर्ण झाल्याचा वकिलाचा हिशेब, भाडेकरार संपल्याचं पत्र. कौन्सिललाही वेगळं कळवा, कारण कौन्सिल टॅक्समधली एकट्याने राहण्याची 25 टक्के सवलत तुमची जाते. पिप (आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता) मात्र उत्पन्नावर अवलंबून नाही, ते चालू राहतं. फक्त पत्ता बदलून घ्या.