निकी विनमारने जर्सी का उचलली?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला निकी विनमारचा तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. जर्सी वर उचलून तो आपल्या उघड्या, काळ्या अंगाकडे बोट दाखवतोय. 'त्याचा वर्णाशी संबंध नव्हता, आमच्यात दम आहे एवढंच त्याला सांगायचं होतं,' असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. इंग्रजीत पोटासाठीचाच एक शब्द धाडसासाठीही वापरतात, म्हणून हा अर्थ पटकन पटतोही. पण तो चुकीचा आहे.

१७ एप्रिल १९९३. मेलबर्नचं व्हिक्टोरिया पार्क, कॉलिंगवुडचं घरचं मैदान. सेंट किल्डाकडून खेळणारे विनमार आणि गिल्बर्ट मॅकॲडम या दोन आदिवासी खेळाडूंवर प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. सामना सेंट किल्डाने जिंकला. मग विनमार त्याच प्रेक्षकांकडे वळला. 'मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे,' हे त्याचे शब्द छायाचित्रकार वेन लडबी यांनी तिथेच ऐकले होते. एका वृत्तपत्राने तसं छापलं, दुसऱ्याने 'दम' छापला आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

२०२० मध्ये माजी खेळाडू सॅम न्यूमन आणि त्याच्या साथीदारांनी पॉडकास्टवर तीच शंका पुन्हा उकरली. विनमारने कायदेशीर पाऊल उचललं, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली.

ज्याने २५१ सामने खेळले, आदिवासी खेळाडूंमध्ये २०० सामन्यांचा टप्पा सर्वांत आधी गाठला, त्याला स्वतःच्याच शब्दांसाठी २७ वर्षांनी भांडावं लागलं, याचा मला मनापासून राग येतो.