सीमाभागातली ख्रिस्ती परंपरा: विद्या, शहर आणि निर्वासित

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ख्रिस्ती लोक तसे थोडेच, पण इथल्या शाळांवर आणि शहरावर त्यांचा ठसा मोठा आहे. त्यामागं बायबलमधली जुनी शिकवण आहे. बाबेलला पकडून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्रातून कळवलं की ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा (यिर्मया 29:7), म्हणजे परक्या गावात येऊन पडलेल्या माणसानंच त्या गावाची काळजी घ्यायची.

त्यासाठी आधी तिथली भाषा यायला लागते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या येशूसंघातले) 1579 ला गोव्यात आले, मराठी शिकले, आणि नुसती बोलण्यापुरती नाही तर 1616 मध्ये राशोलला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं, रोमन लिपीत. त्यात मराठीची थोरवी गायलीय ती आजही आपल्याला तोंडपाठ असते. ज्ञानेश्वरी कानावर पडलेल्या माणसाला ते वाचताना परकं वाटतच नाही, आणि माझ्या मते श्रद्धेनं विद्येला दिलेलं याहून मोठं देणं आपल्या भागात दुसरं नाही.

बेळगावात लंडन मिशननं 1820 ला काम सुरू केलं, पुढं बेनन स्मिथ हायस्कूल आलं, 1856 ला कॅम्पात जेझुइटांचं सेंट पॉल्स, आणि 1953 ला बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत (कॅथलिक बिशपच्या अखत्यारीतला भाग) झाला. या शाळांतून मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान अशी सगळ्यांची पोरं एका बाकावर बसून शिकली. ज्या शहरात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून मोर्चे निघतात तिथं चर्चमध्ये मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा सगळ्या भाषांत प्रार्थना चालते, ही बारकी गोष्ट नव्हे.

निर्वासितांचं म्हणाल तर ख्रिस्त स्वतःच बाळपणी आईबापाबरोबर मिसरला पळून गेलेला, त्यामुळं परक्याला घरात घेणं म्हणजे मलाच घेणं (मत्तय 25) हे त्याचं सांगणं भाविकाला वेगळंच भिडतं. हायवेनं वर गेलं की कोल्हापूरजवळ वळिवडे लागतं, तिथं 1943 ते 1948 पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. रशियानं 1940-41 मध्ये त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते इकडं पोचले, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. जमीन कोल्हापूर संस्थानची, आणि छावणीत त्यांचं स्वतःचं चर्च, पोलिश भाषेतल्या शाळा, नाटकं, स्काउट पथकं, सगळं उभं राहिलं. घर गेलं तरी पोरांचं शिक्षण आणि उपासना चुकू द्यायची नाही हा त्यांचा हट्ट होता. पोलिश लोक गेल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित तिथं वसले, आणि आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो ती बाजारपेठ त्यांनीच उभी केली.