डक्टमधली धूळ वाऱ्यानं उडून का जात नाही?

मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या एखाद्या जुन्या इमारतीत कधी मान वर करून छताकडे पाहिलंय? फॉल्स सीलिंगमध्ये गार हवा सोडणाऱ्या चौकोनी जाळ्या असतात, त्यांना डिफ्यूझर म्हणतात. त्यांच्या कडेनं छतावर काळपट पट्टे उमटलेले असतात, काजळीचं बोट फिरवल्यासारखे. ते पाहून जवळजवळ प्रत्येक जण एकच अर्थ काढतो: वरचा डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा बोगदा, घाणीनं भरलाय आणि ती घाण आपल्या डोक्यावर पडतेय. डक्ट साफ करून देणाऱ्यांच्या जाहिरातींत हाच फोटो असतो आणि त्याच्या शेजारी काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र.

पण तो काळा पट्टा बहुतेक वेळा खोलीतल्या हवेनंच काढलेला असतो. डिफ्यूझरमधून निघालेला झोत छताला बिलगून आडवा पसरतो. वेगानं जाणारा झोत शेजारच्या हवेलाही आपल्याबरोबर ओढून नेतो, त्यामुळे खोलीतली हवा सतत वर खेचली जाते. तिच्यात कपड्यांचे तंतू असतात, त्वचेचा कोंडा, कागदाचा भुगा, बाहेरून आलेली काजळी. हे सगळं डिफ्यूझरच्या कडेला छताला घासत जातं आणि रोज कणाकणानं चिकटत राहतं. डक्टमधून आलेली हवा मात्र थोड्याच वेळापूर्वी फिल्टरमधून गाळून निघालेली असते.

म्हणून डक्ट आतून लख्ख असतो असं नाही. काही वर्षं चाललेल्या डक्टचं झाकण काढून आत बोट फिरवलं, तर बोटाला मऊ, करडं पुट लागतं. परतीच्या डक्टमध्ये, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडे परत नेणाऱ्या मार्गात, ते अधिक जाड असतं, कारण ती हवा अजून फिल्टरपर्यंत पोचलेलीच नसते. मी पहिल्यांदा असं बोट फिरवलं तेव्हा एक प्रश्न डोक्यात शिरला, आणि त्याचं उत्तर मला आजही तितकंच सुंदर वाटतं. मोठ्या इमारतीच्या मुख्य डक्टमधून सेकंदाला ५ ते ८ मीटर वेगानं हवा वाहत असते. हा चांगला झोंबणारा वारा झाला. वर्षानुवर्षं रोज दहा-बारा तास असा वारा सोसूनही ही धूळ जागची हलत का नाही?

याचा घरगुती पुरावा आपल्या डोक्यावरच फिरत असतो. छताचा पंखा दिवसभर गरगरतो, त्याच्या पात्यांची टोकं हवा कापत जातात, आणि पंखा बंद केला की त्याच पात्यांवर धुळीचा थर दिसतो. जोरात फुंकर मारली तर वरची सैल भुकटी उडते, खालचा करडा थर तसाच राहतो. ओलं फडकं फिरवलं की मगच तो निघतो.

उत्तराचा पहिला अर्धा भाग १९०४ साली मिळाला. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं हायडेलबर्गच्या गणित परिषदेत असं मांडलं, की वाहणारी हवा किंवा पाणी एखाद्या पृष्ठभागाला जिथे टेकतं, तिथे त्याचा वेग शून्य असतो. पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा थर तिथेच अडकून राहतो, त्याच्यावरचा किंचित सरकतो, त्याच्यावरचा आणखी थोडा, असं करत करत काही अंतरावर हवेला पूर्ण वेग मिळतो. या पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. विमानाच्या पंखापासून नदीच्या तळापर्यंत हीच गोष्ट आहे.

आता डक्टमध्ये शिरू. मधोमध हवेचा वेग सेकंदाला ६ मीटर धरा. पत्र्याला लागून सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा असा थर असतो, जिथे हवेचा चिकटपणा सगळं ठरवतो आणि वेग पत्र्याच्या दिशेनं सरळ रेषेत शून्याकडे उतरतो. पाव मिलिमीटर आपल्याला काहीच वाटत नाही. पण धुळीचा कण असतो १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. पत्र्यावर बसलेल्या या कणाच्या दृष्टीनं तो स्तब्ध थर त्याच्या उंचीच्या पंचवीसपट खोल आहे. हिशेब केला तर कणाच्या मध्याच्या उंचीवर वारा भरतो सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर. वर वादळ घोंघावतंय आणि हा कण तळघरात शांत बसलाय.

तरीही ३ सेंटिमीटरचा तो वारा कणाच्या वजनाच्या दहा-वीसपट जोर लावतो. म्हणजे नुसत्या वजनाच्या भरवशावर कण टिकला नसता. इथे उत्तराचा दुसरा अर्धा भाग येतो: व्हॅन डर वाल्स बल. दोन पृष्ठभाग अगदी निकट आले, नॅनोमीटरच्या आत, की त्यांच्या रेणूंमधले विजेचे भार क्षणोक्षणी किंचित इकडेतिकडे सरकतात आणि त्यातून एक क्षीण आकर्षण तयार होतं. पाल काचेवर उलटी चालते ती याच बळावर. गोल, गुळगुळीत कण गृहीत धरला तर १० मायक्रॉनच्या कणाला हे बल त्याच्या वजनाच्या लाखपटीच्या घरात धरून ठेवतं. खरे कण ओबडधोबड असतात, पत्राही खडबडीत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष पकड कितीतरी पटींनी घटते. पण लाखातून शेकडो पटी वजा झाल्या तरी उरतं ते वाऱ्याला भारी पडतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. कणाचा आकार निम्मा केला की त्याचं वजन आठपट कमी होतं, कारण वजन व्यासाच्या घनावर अवलंबून असतं. या स्तब्ध थरात वाऱ्याचा जोर व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून तो चौपट कमी होतो. चिकटण्याचं बल मात्र साध्या व्यासावर अवलंबून असतं, ते फक्त निम्मं होतं. तीन गोष्टी घसरतात, पण वेगवेगळ्या वेगानं. कण जितका बारीक, तितकी चिकटण्याची बाजू वरचढ. एक मायक्रॉनचा कण पत्र्याला एकदा टेकला की डक्टमधला कुठलाही नेहमीचा वारा त्याला उचलू शकत नाही. वाळूचा दाणा उडतो, पिठूळ धूळ राहते. आपल्या फुप्फुसात खोलवर पोचू शकणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणजे ज्यांची भीती घातली जाते तेच पत्र्याला सर्वांत घट्ट धरून असतात.

मुळात टेकणारे कणही थोडेच. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर या गतीनं खाली येतो. अर्धा मीटर उंचीच्या डक्टमध्ये माथ्यापासून तळापर्यंत यायला त्याला पावणेतीन मिनिटं लागतील, आणि तेवढ्या वेळात हवा त्याला एक किलोमीटर पुढे नेईल. डक्ट पन्नास मीटरचा असेल तर शंभरातले पाचेक कण तळाला लागतील, बाकीचे हवेबरोबर निघून जातील. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला चार तास हवेत. डक्टमधलं पुट हे अशा थोड्याथोडक्या कणांचं वर्षांनुवर्षांचं संचित आहे.

पुट जाड झालं, त्याचे झुबके उभे राहिले, की मात्र चित्र बदलतं. झुबक्याचा शेंडा त्या स्तब्ध थराच्या बाहेर डोकावतो, तिथे खरा वारा असतो. सुट्टीनंतर सकाळी ब्लोअर सुरू होताना पत्र्याला हिसका बसतो, झुबका तुटतो आणि टेबलावर काळी चिमूट येऊन पडते. ती किळसवाणी दिसते हे खरं, पण डोळ्यांना दिसण्याएवढी मोठी असल्यामुळेच ती फुप्फुसात जात नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं घरांतल्या डक्टबद्दल काढलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिलंय, की डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं कधी सिद्ध झालेलं नाही. वरचं गणित पाहिल्यावर याचं नवल वाटू नये.

काळजी करायची ती पाण्याची. कोरडी धूळ निजलेली असते, ओली धूळ पिकते. मशीनरूममधल्या एएचयूमध्ये (हवा गाळून, गार करून डक्टमध्ये ढकलणारी मोठी पेटी) फिल्टरच्या मागे गार कॉइल, म्हणजे हवा थंड करणारं नळ्यांचं जाळं, असते. तिच्या पातळ पट्ट्यांमध्ये साधारण दोन मिलिमीटरची फट असते आणि त्या दिवसभर दवानं निथळत असतात. फिल्टर चौकटीत नीट बसला नसेल तर बाजूच्या फटीतून धूळ आत येते आणि या ओल्या पट्ट्यांवर जमते. खाली हे पाणी झेलणारी ड्रेन ट्रे. तिचा उतार चुकला किंवा नळी तुंबली की पाणी साचतं, त्यावर बुळबुळीत थर धरतो. कॉइलवर हवा फार वेगानं आली तर थेंब पुढे उडतात आणि डक्टच्या आत अस्तर म्हणून लावलेला ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, भिजतो. भिजलेली वस्तू दिवस-दोन दिवसांत सुकली नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीला लागणारं अन्न ती धूळ पुरवते. बुरशीचे बीजाणू काही पत्र्याला चिकटून बसलेले नसतात, ते उडण्यासाठीच तयार झालेले असतात. इमारतीत शिरल्यावर कुबट वास आला तर मी डिफ्यूझरकडे बघत नाही, ड्रेन ट्रेचं झाकण उघडायला सांगतो.

१९७६ साली फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर २२१ जण न्यूमोनियासारख्या आजारानं पडले, ३४ दगावले. काही महिन्यांनी जोसेफ मॅकडेड यांनी त्यामागचा जिवाणू शोधला, तोच लीजिओनेला. डक्ट साफ करण्याच्या प्रचारात ही घटना हटकून येते. पण लीजिओनेला हा कोमट पाण्यात वाढणारा जिवाणू आहे, तो पाण्याच्या तुषारांवर बसून श्वासात जातो. संशय गेला तो कूलिंग टॉवरवर, म्हणजे वातानुकूलनातलं गरम पाणी हवेत शिंपडून गार करणाऱ्या मनोऱ्यावर, डक्टमधल्या कोरड्या धुळीवर नव्हे. या घटनेचं नाव घेऊन डक्टमध्ये ब्रश फिरवायचा आणि टॉवरचं पाणी तपासायचंच नाही, हे मला अतिशय धोक्याचं वाटतं.

तशीच चीड येते ती जंतुनाशकाच्या धुरळणीची. डक्टमध्ये सुगंधी धूर सोडायचा, सगळे जंतू मेले म्हणून कागद द्यायचा आणि निघून जायचं. धूळ जागेवर, ओल जागेवर, बुरशी मेली तरी तिचे कण जागेवर आणि वर रसायनाचा एक थर. ओझोन सोडणारी यंत्रं तर त्याहून वाईट, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो.

मग डक्ट साफ करायचे कधी? आत बुरशी दिसली, उंदीर-घुशींचा वावर झाला, बांधकामाचा चुरा आत गेला, आग लागून काजळी पसरली, किंवा पुट इतकं वाढलं की झुबके गळायला लागले, तेव्हा. मोठ्या स्वयंपाकघरांतल्या धुराड्याचा डक्ट हे वेगळंच प्रकरण. तिथे पुट धुळीचं नसतं, तेलाचं असतं, आणि ते पेटतं. तो ठरल्या मुदतीत खरवडावाच लागतो, त्यात चर्चा नाही.

आणि साफ करायचे तर कसे, हेही त्याच भौतिकशास्त्रानं ठरतं. वाऱ्यानं कण सुटत नाहीत, म्हणजे नुसता मोठा व्हॅक्यूम लावून काही होणार नाही. पत्र्याला काहीतरी प्रत्यक्ष घासलं पाहिजे: फिरता ब्रश, किंवा दाबाच्या हवेनं फटके मारणाऱ्या रबरी नळ्या. पण घासलं की वर्षानुवर्षं निजलेली धूळ एका क्षणात जागी होते, आणि सुट्या झालेल्या बारीक कणांना खाली बसायला तासन्‌तास लागतात. म्हणून घासणं आणि ओढून घेणं एकाच वेळी व्हावं लागतं. ब्लोअर बंद करायचा, डक्टचे टप्पे पाडायचे, एका टोकाला हेपा फिल्टर लावलेलं ओढयंत्र जोडायचं (हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो) आणि लांबच्या टोकाकडून ब्रश यंत्राच्या दिशेनं आणायचा. आत ग्लासवूलचं अस्तर असेल तर कडक ब्रश चालत नाही, तंतू तुटून हवेत येतात.

काम नीट चाललंय का, हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. काम सुरू करण्याआधी सगळ्या डिफ्यूझरांवर प्लास्टिकचा कागद चिकटवतात. एका रात्री मी शिडीवर उभा राहून तो कागद बघत होतो. तो वर, आतल्या बाजूला खेचला जाऊन ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला होता. म्हणजे डक्टमधला दाब खोलीपेक्षा कमी होता आणि आतलं काही खाली येत नव्हतं. मग यंत्राची जाड नळी जोडावरून निसटली. कागद सैल पडला, खालच्या बाजूला फुगला आणि एका कोपऱ्यातून करड्या धुळीची बारीक रेघ टेबलावर उतरली. नळी परत बसवेपर्यंत ब्रश थांबवला गेला, आणि ते बरोबरच होतं. हा कागद फुगलेला असताना ब्रश फिरत असेल, तर त्या इमारतीनं डक्ट साफ न करता ठेवले असते तर बरं झालं असतं.

काम झाल्यावर मोजमापही करता येतं. अमेरिकेतल्या डक्ट सफाईवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कसोटीत १०० चौरस सेंटिमीटर पत्र्यावरून ओढून घेतलेली धूळ ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नये. कॉइल आणि ड्रेन ट्रे धुऊन झाली का, नवा फिल्टर चौकटीत फट न ठेवता बसला का, पत्र्याला पाडलेली भोकं नुसत्या चिकटपट्टीनं न बुजवता पत्र्याच्या झाकणानं बंद केली का, हे मी त्या आकड्याइतकंच बारकाईनं बघतो.

एवढं सगळं झाल्यावर छतही पुसून घेतात आणि ते काळे पट्टे जातात. काही महिन्यांनी ते पुन्हा दिसायला लागतील. ते खोलीतल्या हवेचे आहेत, आणि खोलीत माणसं वावरतच राहणार आहेत.