काळीचा दगड, शाहूंची पालखी आणि रानातलं कारवान

सुगी उरकून ज्वारीची रानं मोकळी झाली की सोलापूर, लातूर, विजापूरकडच्या काळ्या मातीत कारवान कुत्र्यांचे दिवस येतात. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. अंगावर केस जास्त असतील तर त्याला पश्मी म्हणतात. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर शिकार करतं. म्हणून त्याला दाट झाडी नको असते, उघडं माळरान हवं असतं. ससा उठतो, पट्टा सुटतो आणि पुढचं सगळं पायांच्या बळावर ठरतं. आज हा गुन्हा आहे, पण तो पुरता थांबलेला नाही. शिकार करणाऱ्यांचं आपल्या कुत्र्यांवर प्रेम असतं का, असं कुणी विचारलं की मला पहिल्यांदा आतकूरचा दगड आठवतो.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला दहाव्या शतकातला वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड, आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने होता. बूतुगाचा सरदार मणलेर याने मोठा पराक्रम गाजवला, तेव्हा राजाने त्याला हवं ते माग म्हणून सांगितलं. मणलेराने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागितलं. पुढे बेळतूरजवळच्या डोंगरात त्याने काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि दोघंही एकमेकांशी झुंजत मेली. मणलेराने देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्र्याची आणि डुकराची झुंज कोरून घेतली आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडाची पूजा न करता पुजाऱ्याने जेवू नये, असंही त्यावर बजावलं आहे. एरवी वीरगळ लढाईत किंवा गुरं वाचवताना पडलेल्या माणसांचे असतात. इथे तो मान कुत्र्याला मिळाला. मात्र त्याला त्या डुकरावर सोडणारा हात मणलेराचाच होता, हेही विसरता येत नाही.

कुत्र्यांकरवी शिकार हा तेव्हा राजांचा रीतसर छंद होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, स्वतंत्रपणे वर्णिला आहे.

मराठ्यांच्या इतिहासातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचं. वाघाच्या शिकारीत त्यांच्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, म्हणून त्यांनी त्याच्या नावाने जहागिरीच्या सनदा काढल्या आणि त्याला पालखीचा मान दिला, असं ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात नोंदवलं आहे. एकदा दरबारात महाराजांनी कुत्र्याला किनखाब आणि दागिने घालून वर स्वतःची पगडी चढवली, हेही तोच सांगतो. ग्रँट डफ या गोष्टी राजाचा विक्षिप्तपणा म्हणून सांगतो. मला मात्र त्यात निव्वळ कृतज्ञता दिसते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. लोक त्याला खंड्या म्हणतात.

पण दगड, जहागिरी आणि पालख्या दरबारातल्या. कुत्र्यांबरोबर रोज रानात फिरणारी माणसं वेगळी होती. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा शिकारीची एक सुरेख वाटणी त्यांना दिसली. फासेपारधी फासे लावून हरणं आणि पाखरं धरत. वैदू सापळ्यांत मुंगूस, उदमांजर पकडत. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या जोरावर रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. एकाच मुलखात राहूनही एकाची शिकार दुसऱ्याच्या आड येत नसे. ज्याच्या घरातली चूल कुत्र्याच्या पळण्यावर पेटते, तो कुत्र्याला उगाच मरू देत नाही. तरी सुळ्याने पोट फाटलं तर हळद दाबून बांधण्यापलीकडे त्याच्या हाती फारसं काही नसायचं.

कारवानला आज मुधोळ असंही म्हणतात. हे नाव कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानामुळे रूढ झालं. मुधोळच्या आसपास बेरड जमातीकडे ही शिकारी कुत्री होती. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली, असं सांगितलं जातं. कुत्र्यांच्या जाती नोंदवणारी एक संघटना याच जातीला कारवान म्हणून नोंदवते, दुसरी मुधोळ म्हणून. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, आणि 2016 साली मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला सैन्याकडे गेली.

मधल्या काळात या कुत्र्याचं मूळ कामच कायद्याने बंद केलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. आज कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणं नाही. प्राण्यामागे कुत्रं सोडून पाठलाग करणं, नुसता प्रयत्न करणं, हेही शिकारच. ससे आणि घोरपडी यांच्यासाठी हे व्हायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. पण ज्यांचं पोट त्यावर होतं, त्या भटक्यांना दुसरं साधन देण्याची तेवढी घाई कुणी केली नाही.

कुत्र्याचं काय झालं, हा प्रश्न तर कुणाच्या मनातही आला नाही. काही कारवानं शेताच्या राखणीला राहिली. भाकरी आणि दूध खाऊन, सकाळ-संध्याकाळ मोकळी पळून ती सुखात जगतात. काही शहरात विकली जातात आणि साखळीला बांधून पडतात. आणि काही अजूनही रात्री उसात डुकरावर सोडली जातात. उपाशी कुत्रं जोरात धावतं, हा समज अजून गेलेला नाही, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांना खायलाही मिळत नाही.

पूर्वी शिकार उघड होती, तेव्हा निदान जखमी कुत्रं घेऊन लोक चारचौघांत येऊ शकत होते. आता सुळ्याची जखम घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जायचं तर ती कशी झाली हे सांगावं लागतं, आणि ते सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. म्हणून असं कुत्रं गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर पडून राहतं आणि मालक दोन-तीन दिवस वाट बघतो.