डेव्हिड ससून ग्रंथालय: छपराचा प्रश्न आणि पुढचा काळ

मुंबईच्या काळा घोडा भागातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० साली पूर्ण झाली. संस्था मात्र १८४७ पासूनची आहे. टाकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांनी आपल्या विद्येसाठी ती स्थापन केली होती. १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला, एस्प्लनेडच्या (किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या) कडेने बांधकामे सुरू झाली आणि ससून या बगदादी ज्यू व्यापारी घराण्याच्या ६०,००० रुपयांच्या देणगीमुळे संस्थेला कायमची जागा मिळाली. मालाडचा पिवळसर दगड आणि टोकदार कमानी ही तिची ओळख सर्वपरिचित आहे. वास्तूचे खरे मर्म पहिल्या मजल्यावरच्या सज्जात दिसते. लांब हातांच्या आरामखुर्चीत बसलेल्या वाचकाला तिथे उजेड आणि वारा मिळतो, पण ऊन आणि पाऊस कमानींच्या खोलीमुळे बाहेरच अडतो.

अलीकडच्या जीर्णोद्धारात सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय छपराचा होता. मूळ छप्पर उतरते होते. १९६०च्या दशकात ते काढून सिमेंट-काँक्रीटचा सपाट स्लॅब घालण्यात आला. त्या काळी शहरातील अनेक जुन्या इमारतींवर हाच उपाय झाला, कारण स्लॅब टिकाऊ आणि देखभालीला सोपा समजला जाई. प्रत्यक्षात मुंबईच्या पावसात सपाट पृष्ठभागावर पाणी साचते आणि भेगांतून आत मुरते. आतील लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. शिवाय दगड आणि चुन्याच्या भिंतींवर मुळात न योजलेला भार कायमचा येतो. ग्रंथालयाच्या बाबतीत गळती म्हणजे थेट पुस्तकांवरचा घाला.

तरीही स्लॅब काढणे हा सरळ निर्णय नव्हता. वास्तूवर नंतरच्या काळाने चढवलेला थरही तिच्या इतिहासाचा भाग असतो, तो पुसून जुने रूप पुन्हा घडवणे म्हणजे जतन नव्हे, असा एक विचार संवर्धनक्षेत्रात आहे आणि तो हलका नाही. या ग्रंथालयासारख्या प्रथम श्रेणीच्या वारसा वास्तूत तर प्रत्येक बदलाचे समर्थन करावे लागते. मात्र इथे नंतरचा थर मूळ वास्तूलाच अपाय करत होता आणि मूळ छपराची ठेवण जुन्या छायाचित्रांतून स्पष्ट कळत होती. त्यामुळे स्लॅब उतरवून छप्पर पुन्हा उतरते करण्याचा निर्णय योग्यच ठरतो. २०२३ मध्ये काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. त्याआधी २०१८ साली हा सारा परिसर व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतील वास्तूंच्या समूहात जागतिक वारसा यादीत आला होता.

जीर्णोद्धार देणग्यांतून झाला आणि देणगी एकदाच येते. उतरत्या छपराची पन्हळी दर पावसाळ्यापूर्वी साफ करावी लागते, सांधे तपासावे लागतात आणि त्यासाठी दरवर्षी पैसा लागतो. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी नागरिकांकडून घ्यायच्या कराची, तरतूद नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात तो आहे. आपल्याकडे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते आणि ही वर्गवारी प्रामुख्याने ग्रंथ, नियतकालिके आणि सभासद यांच्या संख्येवरून ठरते. दीडशे वर्षांच्या दगडी इमारतीचा सांभाळ हा वेगळा खर्च असतो, हे त्या हिशेबात दिसत नाही.

त्यामुळे जुन्या वास्तूतील ग्रंथालयांना वर्गणीखेरीज कार्यक्रमांसाठी जागा भाड्याने देऊन उत्पन्न मिळवावे लागते. या ग्रंथालयाच्या मागची बाग काळा घोडा महोत्सवात गजबजते आणि त्यामुळे कधीही पुस्तक न घेणारा माणूसही आत येतो, हे चांगलेच आहे. परंतु वाचनकक्षातील मेज अभ्यासाला येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर परवडणाऱ्या दरात मिळायला हवे. छपराच्या देखभालीचा भार याच वर्गणीवर पडू नये म्हणून वारसा वास्तूंतील ग्रंथालयांसाठी अनुदानात स्वतंत्र देखभाल-तरतूद करणे आवश्यक आहे.