पाचवा गिअर रिकाम्या गाडीसाठी

जुन्या डिझेल पिकअपचा पाचवा गिअर जातो तेव्हा फारसा आवाज होत नाही. मागे ट्रेलर आहे, चढ संपत आलाय, चालक दांडा पाचव्यात टाकतो. दांडा नेहमीसारखा बसतो, क्लच सुटतो आणि इंजिन नुसतंच भणाणतं. गाडी जणू न्यूट्रलमध्येच. पुन्हा चौथा लावला की सगळं सुरळीत. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे शाबूत. फक्त पाचवा नाहीसा झालेला असतो.

अमेरिकेतल्या डॉज रॅमच्या, कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन असलेल्या पिकअपमध्ये १९९४ पासून बसू लागलेल्या एनव्ही४५०० या गिअरबॉक्सचं हे नावाजलेलं दुखणं. तो नाजूक आहे म्हणावं, तर तसं अजिबात नाही. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी १९९० मध्ये मिळून उभ्या केलेल्या न्यू व्हेंचर गिअर या कंपनीचा हा माल. कवच ओतीव लोखंडाचं, वजन सुमारे ९० किलो, दाते जाडजूड. तरीही ट्रेलर ओढता ओढता तो एका नटापायी हरतो. हा नट का सुटतो हे कळलं, की असा जुना गिअरबॉक्स कसा सांभाळायचा याचं बहुतेक उत्तर हाती येतं.

पहिल्या चार गिअरची चाकं मुख्य कवचात, पुढच्या-मागच्या बेअरिंगच्या मधोमध असतात. पाचव्याला तिथे जागा नाही. तो मागच्या बेअरिंगच्याही पलीकडे, शेपटाकडच्या घरात टांगलेला. मेन शाफ्टवर लांबट खाचा कापलेल्या, त्यांत पाचव्याचं चाक सरकवलेलं आणि मागून मोठा नट आवळलेला. नट ढिला झाला की चाक हळूहळू मागे सरकतं आणि एक दिवस खाचांमधून बाहेर पडतं.

आता हा नट कोण सोडवतं? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘वजन’. मला ते पटत नाही. स्थिर ओढीने घट्ट नट सहसा सुटत नाही, तो सुटतो हिसक्यांनी. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात. मिनिटाला २००० फेरे असतील तर सेकंदाला १०० धक्के, १२०० फेरे असतील तर ६०. टॉर्क, म्हणजे शाफ्टला बसणारा पीळ, कागदावर एका आकड्यात लिहितात; प्रत्यक्षात तो धक्का, ढील, धक्का, ढील असाच येतो, आणि डिझेलचा दाब मोठा असल्याने धक्काही दणकट. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, हे धक्के गिळतं खरं, पण त्याची गिळण्याची ताकद फिरण्याच्या वेगाच्या वर्गानुसार बदलते. ओढ तेवढीच ठेवून फेरे २००० वरून १२०० वर आणले, तर फिरण्यातला खडबडीतपणा सुमारे पावणेतीन पट होतो. खाचांमध्ये केसाएवढी जरी फट असली तरी चाक प्रत्येक धक्क्याला तिच्यात डुलतं, खाचा घासतात, फट वाढते आणि नट कणाकणाने मागे फिरतो. पुढे दुरुस्तीसाठी पूर्ण लांबीच्या खाचा कापलेले शाफ्ट आणि घट्ट पकडून बसणारे नट मिळू लागले, त्यामागे हेच कारण.

डिझेलवाल्यांचा एक लाडका अभिमान असतो: ‘आमची गाडी टॉपमध्ये बाराशेवरसुद्धा चढ चढते.’ चढते, यात वाद नाही. १९८९ च्या पहिल्या डॉज-कमिन्समध्येच ५.९ लिटरचं इंजिन ५४२ न्यूटन-मीटर पीळ देत होतं, तेही कमी फेऱ्यांवर. पण इंजिनाला जमतं म्हणून गिअरबॉक्सलाही सोसतं, असं नाही.

चौथा आणि पाचवा यांच्यातला फरक नुसत्या आकड्यांचा नाही. एनव्ही४५०० मध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण, म्हणजे मागच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, ५.६१, चौथ्याचं बरोबर १ आणि पाचव्याचं सुमारे ०.७५. चौथ्यात पुढचा इनपुट शाफ्ट आणि मागचा मेन शाफ्ट थेट एकमेकांना जोडले जातात. काउंटरशाफ्ट, म्हणजे त्यांच्या खालचा समांतर शाफ्ट, फिरत असतो, पण रिकामा. दात्यांवर भार जवळजवळ शून्य. पाचव्यात हीच ताकद आधी खाली काउंटरशाफ्टवर उतरते आणि मागून पुन्हा वर येते, म्हणजे दात्यांच्या दोन जोड्यांतून जाते. तिरप्या दात्यांची चाकं एकमेकांना दूर ढकलतात आणि लांबीच्या दिशेनेही रेटतात. तो सगळा रेटा बेअरिंगांवर आणि शेवटी त्या नटापाशी येतो.

एक हिशोब करू. पिकअप आणि ट्रेलर मिळून ७ टन, हलका चढ, वेग ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर. अशा वेळी चाकांना साधारण ८० किलोवॅट लागतात. पाचव्यात इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल तर ते ५०९ न्यूटन-मीटर पिळेल. चौथ्यात घेतलं तर फेरे २००० होतील आणि पीळ ३८२ वर येईल. वेग तोच, काम तेच, पीळ चौथाईने कमी, धक्के बारीक आणि काउंटरशाफ्टला सुट्टी. थोडं डिझेल जास्त जाईल आणि कानाला आवाज जास्त वाटेल, एवढाच तोटा. घाईघाईचा आवाज हा त्रासाचा आवाज असतो, हा समज पेट्रोल गाड्यांवरही चुकीचाच. खरा त्रास खालच्या घरघरीत असतो.

दुसरा शत्रू उष्णता. दात्यांतून वाट काढताना ताकदीचा काही भाग घर्षणात जातो. दोन जोड्या आणि तेलाची घुसळण मिळून ढोबळमानाने ३ टक्के धरू. ८० किलोवॅटचे ३ टक्के म्हणजे २.४ किलोवॅट, पाणी उकळायच्या मोठ्या विजेच्या किटलीएवढी उष्णता. ९० किलो लोखंड आणि पावणेचार लिटर तेल ती पितात. बाहेरच्या हवेला ती अजिबात दिली गेली नाही असं मानलं, तर २० मिनिटांत तापमान सुमारे ६० अंशांनी वाढेल. हवा लागत असते म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही. पण लांब चढावर वेग कमी, हवा कमी आणि ताकद जास्त, असा तिहेरी वाईट योग जुळतो. थेट चौथ्यात हीच गळती १ टक्क्याच्या आसपास राहते. तेलाबाबतचा जुना ठोकताळा असा, की दर १० अंशांनी ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

आणि तेल म्हणजे कुठलंही गिअर ऑइल नव्हे. इथे चांगली माणसं चुकतात. बाटलीवर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन वर्ग लिहिलेले असतात. पाच मोठा म्हणून जास्त चांगला, असं वाटणं साहजिक आहे. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर असतात. मागच्या अ‍ॅक्सलमधले दाते एकमेकांवर जोरात घसरतात, तेव्हा ही संयुगं पोलादावर संरक्षक थर धरतात. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात, म्हणजे गिअर पडण्याआधी घर्षणाने वेग जुळवणारी कडी, आणि तापलेलं गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. शिवाय सिंक्रोला घर्षण हवं असतं; फार निसरडं तेल त्याचं काम बिघडवतं. म्हणून या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८५ किंवा ७५डब्ल्यू-९० दर्जाचं, जीएल-४ वर्गाचं कृत्रिम तेल घालतात. जाता जाता, हा ९० चा आकडा बघून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट असेल असं समजू नये. दोन्ही तेलांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या; ७५डब्ल्यू-९० चा दाटपणा साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलएवढाच भरतो. फोर्डच्या त्या काळच्या झेडएफ गिअरबॉक्समध्ये तर ऑटोमॅटिकसाठीचं पातळ तेल जातं. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचं ऐकून तेल भरू नये, आपल्या गाडीचं पुस्तक काढावं.

क्लचचं गणित मला सगळ्यात मजेदार वाटतं. उभी गाडी हलवताना इंजिनाचे फेरे कायम ठेवले, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच उष्णता क्लच प्लेटमध्ये निघते. चालक कितीही कुशल असो, हा वाटा द्यावाच लागतो. हातात असतं ते फक्त क्लच कुठल्या वेगाला पूर्ण धरतो, एवढंच. वरच्याच ७ टनांना ८०० फेऱ्यांवर, ३.५४ प्रमाणाच्या अ‍ॅक्सलसह पहिल्यात उचललं, तर क्लच ताशी ६ किलोमीटरला धरतो आणि साडेनऊ किलोज्यूल उष्णता निघते. दुसऱ्यात उचललं तर ताशी ११ ला धरतो आणि ३२ किलोज्यूल. म्हणजे जवळजवळ साडेतीन पट, तेही सपाट रस्त्यावर. चढावर घसरण लांबते आणि आकडा आणखी फुगतो. रिकाम्या पिकअपला पहिला गिअर फार आखूड पडतो, म्हणून अनेकांना दुसऱ्यात उचलायची सवय असते. ट्रेलर जोडला की ती सवय सोडायची. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं तर क्लच भाजणंच. त्यासाठी हँडब्रेक आहे.

सिंक्रोचं काम शाफ्ट आणि क्लच प्लेटचा वेग जुळवण्याचं. जड क्लच बसवला की त्याला जास्त राबावं लागतं. खालचा गिअर टाकताना डबल क्लच मारला, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून जराशी रेस दिली, तर ते काम इंजिन करतं आणि रिंग वाचते. दांड्यावर हात विसावून गाडी चालवू नये. तो भार आत शिफ्ट फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर जातो आणि फोर्क गिअर जोडणाऱ्या फिरत्या कॉलरला घासत राहतो.

उतारावर सगळा रेटा उलटतो. आता चाकं इंजिनाला फिरवत असतात, तिरप्या दात्यांचा लांबीचा जोरही दिशा बदलतो, आणि बेअरिंग सैल असेल तर शाफ्ट धपकन दुसऱ्या बाजूला जातो. डिझेलला हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे त्याचं इंजिन ब्रेकिंग मुळातच दुबळं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारी झडप, बसवला तर ते सुधारतं, पण तो पीळही गिअरबॉक्समधूनच जातो. म्हणून उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर, मग ब्रेक, आणि पाचव्यात एक्झॉस्ट ब्रेक नको. नाहीतर तोच टांगलेला नट आता उलट्या बाजूने हिसके खातो. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणं हा तर वेडेपणाच.

शेवटी एक उलटी गोष्ट: पिकअप स्वतःच दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यायची वेळ आली तर? या गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नाही. काउंटरशाफ्टची चाकं तेलात बुडतात आणि ते वर उडवतात. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर काउंटरशाफ्ट थांबलेला असतो, मेन शाफ्ट मात्र मागच्या चाकांबरोबर फिरत राहतो, कोरडा. काही किलोमीटरमध्ये आतली बेअरिंगं भाजू शकतात. मागची चाकं उचलायची किंवा गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा.

तेल बदलताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावं आणि उजेडात तिरपं करून बघावं. बारीक सोनेरी झाक म्हणजे सिंक्रोचं पितळ. थोडी असतेच, दाट झाली तर गिअर टाकतानाची कचकच आधीपासूनच ऐकू येत असणार. भांड्याच्या तळाशी चुंबक फिरवला की पोलाद वेगळं होतं. राखाडी पिठासारखा गाळ नेहमीचा. खरबरीत कपच्या निघाल्या तर दाते किंवा बेअरिंग. आणि शेपटाचं घर कुठल्याही कारणाने उघडलं, तर पाचव्याचा नट त्याच वेळी बघून घ्यावा.