ई-मेलमधील जुन्या सोयी का काढाव्या लागतात

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत पेढीचे संगणक मी सांभाळतो. तेथील स्कॅनर शेतकऱ्यांच्या पट्ट्या थेट मेलने पाठवत असे. मुक्तस्रोत मेल सर्व्हरची नवी आवृत्ती बसवली आणि पट्ट्या पोहोचेनाशा झाल्या. स्कॅनर बिघडला नव्हता. त्याची बिनकुलपाची, म्हणजे मजकूर न झाकता पाठवणारी, जोडणी सर्व्हरने नाकारली होती, आणि तो नकार योग्य होता असे माझे मत आहे.

मेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियमसंच जॉन पोस्टेल यांनी 1982 साली आरएफसी 821 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) मांडला, तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधन संस्था असल्यामुळे मजकूर झाकण्याची तरतूद त्यात नव्हती. पुढे पासवर्डची पद्धत आली, पण तो बहुधा बेस64 या रूपात जाई. बेस64 हे कूटलेखन नव्हे. बाळबोध मजकूर मोडीत लिहावा तसे ते केवळ लिप्यंतर आहे आणि मोडी जाणणारा कोणीही तो वाचू शकतो.

यावर स्टार्टटीएलएस हा उपाय निघाला. त्यात जोडणी उघडीच सुरू होते, आपल्याकडे कूटलेखनाची सोय असल्याचे सर्व्हर कळवतो आणि त्यानंतरचे संभाषण टीएलएस या कूटलेखनाच्या पद्धतीने झाकले जाते. मात्र वाटेत बसलेल्या कोणी सर्व्हरची ती एक ओळ खोडली, तर ‘शक्य असल्यास टीएलएस’ हा पर्याय निवडलेला प्रोग्रॅम सर्व्हरकडे सोयच नाही असे समजून पासवर्ड उघडा पाठवतो, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. 2018 च्या आरएफसी 8314 ने म्हणूनच पहिल्या क्षणापासून टीएलएस वापरण्याची शिफारस केली: मेल पाठवण्यासाठी पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचे क्रमांकित दार) 465, वाचण्यासाठी 993 किंवा 995.

असे जुने पर्याय कोडमधून काढण्याऐवजी नुसते बंद ठेवून भागत नाही का, असे मला विचारले जाते. बंद ठेवलेला पर्याय अडचणीच्या दिवशी कोणीतरी घाईने सुरू करतो आणि तो तसाच राहतो. शिवाय क्वचित वापरात येणाऱ्या कोडची तपासणीही क्वचितच होते. सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये चाचणीसाठी ठेवलेली ‘डीबग’ आज्ञा अनेक यंत्रांवर सुरूच राहिली होती, आणि नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म हा यंत्रायंत्रांतून आपोआप फिरणारा प्रोग्रॅम ज्या मार्गांनी पसरला त्यांपैकी ती एक होती.

कोड काढणाऱ्या विकासकांना मात्र जुनी यंत्रे वापरणाऱ्यांचा रोष सोसावा लागतो. तो रोष खोटा नाही, कारण चालता स्कॅनर टाकून देणे पेढीला परवडत नाही. म्हणूनच आधी इशारा देणे, मग पर्याय मुळातच बंद ठेवणे आणि काही आवृत्त्यांनंतर कोड काढणे हा क्रम मला आवश्यक वाटतो.

आमच्या पेढीवर स्कॅनरशेजारी एक लहान संगणक ठेवून दोघांना एकाच केबलने जोडले आहे. स्कॅनरची जुन्या पद्धतीची मेल तो संगणक घेतो आणि पोर्ट 465 वरून, टीएलएसमध्ये झाकून, पुढे पाठवतो.